चटईची डावी बाजू

पंचवीस वर्षं माझ्या गळ्यात शिट्टी होती.
थोडी रशियनांच्या राज्यात, उरलेली आमच्या,
व्यायामशाळेची फरशी मात्र तीच.
एक-दोन-तीन-चार, गुडघे ताठ,
रांगेत एक डोकं वाकडं दिसलं की फुर्र.
ती शिट्टी आता सॉनाच्या दाराशी खुंटीला असते
आणि तिच्या पोटात कोळ्याने घर केलंय.

आता शिकवते ते बेटाच्या उत्तर टोकाला,
जुनिपरच्या झुडपांमागे, शेवाळावर.
ताल्लिनहून माणसं येतात, फेरीतून उतरता उतरता
विचारतात, उर्वे, आज काय काय आहे?
मी कागदावर लिहून ठेवलेलं असतं.
मग कुणाचा तरी श्वास गळ्याशीच अडलेला दिसतो,
क्रौंचांची रांग ओरडत डोक्यावरून जाते,
आणि कागद खिशातल्या खिशात मऊ होतो.
तुम्हाला कसं कळतं, म्हणतात.
कळत नाही.
हेरिंग साफ करताना काटा बोटाला आधी लागतो,
डोळ्यांना मग दिसतो,
एवढंच.

कल्यो चुकून आला होता.
म्हणजे, नावं बायकोने नोंदवली होती, माइमूने,
जानेवारीत, दोघांची.
एप्रिलमध्ये ती गेली.
पैसे परत मिळणार नाहीत असं माझ्याच पावतीवर छापलेलं,
म्हणून आला.
ट्रॅक्टर दुरुस्तीचे काळे हात, आणि तिची जांभळी चटई.

त्या आठवड्यात 'शवासन' हा शब्द मी गिळला.
नुसतं म्हणाले, पडा.
सगळे पडले. तो चटईच्या उजव्या काठावर,
अर्धं अंग शेवाळात, ओल पाठीत शिरतेय,
आणि डावी बाजू मोकळी,
तिच्यावर सुरकुतीसुद्धा नाही.

'मध्ये सरका' जिभेवर आलंच होतं.
शिट्टी काही इतक्या सहज मरत नाही.
पण पाऊल पुढे पडेना.
चाळीसेक वर्षं हा असाच निजला असणार,
कुणाला तरी कूस बदलायला जागा ठेवून.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या चटईला
आणखी एक चटई जोडून घातली. बोलले काही नाही.
त्याने पाहिलं. कडा जरा विजोड होत्या,
गुडघ्यावर बसून त्याने त्या जुळवल्या
गिअरबॉक्सची झाकणं जुळवावीत तशा,
आणि पहिल्यांदा सगळाच्या सगळा कोरड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी केर्तू उशिरा आली.
फेरीवर तिकिटं तपासते ती, रात्रपाळी करून आलेली.
रिकामी चटई दिसली,
जाऊन धपकन पडली.

माझा हात वर गेला.
सगळ्यांनी श्वास रोखला, मी न सांगता.
आणि मी चुकले, हे नीट सांगून टाकते:
माझ्या अंगाला आपोआप कळतं म्हणतात ना,
ते अंग तेव्हा बोंबलत होतं, उठव तिला, आधी उठव.

कल्योचे डोळे मिटलेलेच होते.
तो उजवीकडे वीतभर सरकला,
पुन्हा शेवाळात.
थोड्या वेळाने केर्तू घोरायला लागली.

जेवताना काळ्या पावावर लोणी लावता लावता
तो म्हणाला, माइमू घोरायची नाही.
घास चावला.
घोरायची, म्हणाला मग.
मी कधी सांगितलं नाही तिला.

संध्याकाळी सॉना तापायची वाट बघत
त्याने खुंटीवरची शिट्टी काढली, ओठाला लावली.
मी म्हणणार होते, आत कोळी आहे.
कोळी आधीच बाहेर आला,
त्याच्या काळ्या बोटांवरून सावकाश चालत गेला.
त्याने फुंकली.
आवाज काही आला नाही,
नुसती हवा.